कराची ते जुहू, सव्वासात तासांत

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात वसलेले राजूर हे महागणपतीचे स्थान म्हणून अवघ्या मराठवाड्याला परिचित आहे. अंगारकी चतुर्थीला येथे लोटणारी गर्दी एसटीने, जीपने, ट्रॅक्टरने आणि पुष्कळशी पायीच येते. विमानाशी या गावाचा तसा थेट संबंध नाही. चिकलठाण्याचा विमानतळ येथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून मुंबई विमानाने तासाभराची, आणि मुंबईहून लंडन सुमारे ७२०० किलोमीटर, म्हणजे न थांबता नऊ-दहा तासांचे. जोडविमाने नीट मिळाली तर राजूरहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये असतो. या हिशेबाचे आता कुणाला नवल वाटत नाही. शहरांमधील अंतर मैलांऐवजी तासांत मोजण्याची ही सवय भारतीयांच्या अंगी रुजवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. त्यांच्या आयुष्याची अनेक अंगे आहेत; पोलाद, रसायने, मोटारी, विज्ञानसंस्था अशी मोठी यादी देता येईल. पण त्यांचा जीव गुंतला होता तो दोन शहरांमधील आकाशात.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजींचे नातलग आणि व्यवसायातील भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. पाच भावंडांच्या या कुटुंबाचे घर कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, तर काही काळ जपानमधील योकोहामात असे. त्या काळी मार्सेयहून सुटलेली बोट सुएझमार्गे मुंबईला लागेपर्यंत सुमारे दोन आठवडे जात. व्यापारानिमित्त फिरणारे वडील आणि फ्रान्समध्ये राहणारी मुले यांच्यामध्ये हे आठवडे सतत उभे असत. अंतर म्हणजे काय, हे या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्देलो या गावी टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते आणि लुई ब्लेरियोचे घरही तेथेच होते. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरियोने इंग्लिश खाडी पाऊण तासाच्या आत ओलांडली आणि तो युरोपभर गाजला. अशा माणसाच्या शेजारात, वाळूवर उतरणारी विमाने पाहत वाढलेल्या मुलाला उडण्याचे वेड लागले तर त्यात आश्चर्य नाही. पंधराव्या वर्षी हार्देलोलाच त्यांना विमानातून एक छोटी सफर घडली. पुढे काय व्हायचे, हे त्या दिवशी ठरले असे म्हणतात.

प्रत्यक्षात मात्र ते लगेच घडले नाही. फ्रेंच नागरिक म्हणून सक्तीची लष्करी सेवा आली. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याचा बेत होता. परंतु १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून घेतले आणि पुढच्याच वर्षी वडील निवर्तले. वयाच्या बाविसाव्या वर्षी कुटुंबाचा भार आणि देणी अंगावर आली. पदवी राहून गेल्याची रुखरुख जेआरडींना आयुष्यभर होती. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. त्याच सुमारास मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला होता आणि तेथे पहिल्या काही विद्यार्थ्यांत जेआरडी होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांतील तो पहिला क्रमांकाचा.

दोन दूरच्या शहरांमधील उड्डाणाशी त्यांची पहिली गाठ पडली ती स्पर्धेच्या निमित्ताने. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने, एका महिन्याच्या आत उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. तिघांनी प्रयत्न केला. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून भारताकडे निघाले; जेआरडींनी मे १९३० मध्ये कराचीहून उलट्या दिशेने झेप घेतली. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तेथे अडकून पडलेले दिसले. त्यांच्या इंजिनाचा स्पार्क प्लग बिघडला होता आणि दुसरा मिळत नव्हता. जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग काढून दिला. पुढे अस्पी कराचीला थोडक्या फरकाने आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. मनमोहन सिंग भारतात पोहोचले खरे, पण महिन्याची मुदत टळून गेली होती. अस्पी इंजिनीयर पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. प्लग न देता जेआरडी जिंकले असते का, हा प्रश्न अनेकांनी विचारला. स्वतः जेआरडींनी या पराभवाचे दुःख केल्याचे कुठे दिसत नाही.

टपालाच्या विमानसेवेची कल्पना मूळची त्यांची नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. नेव्हिल व्हिंटसेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक भारतभर विमान फिरवत होता. इम्पीरियल एअरवेजची सेवा मार्च १९२९ पासून लंडनहून कराचीपर्यंत येऊ लागली होती आणि त्या प्रवासाला सुमारे आठवडा लागे. कराचीला आलेली पत्रे पुढे मुंबई आणि मद्रासला मात्र समुद्रमार्गे किंवा वळसे घेत जाणाऱ्या रेल्वेने पोहोचत. विमानाने कमावलेले दिवस जमिनीवर गमावले जात. कराचीपासून दक्षिणेकडचा तुकडा विमानाने जोडावा, ही योजना व्हिंटसेंटने टाटांपुढे मांडली. वृद्ध दोराबजी टाटांना हा उद्योग फारसा रुचला नव्हता. कंपनीतील ज्येष्ठ सहकारी जॉन पीटरसन यांनी रदबदली केली, गुंतवणूक अवघी दोन लाखांची आहे हे सांगितले, तेव्हा होकार मिळाला. सरकारकडून मात्र वर्षामागून वर्ष गेले. अनुदान द्यायला सरकारची तयारी नव्हती. अखेर टाटांनी अनुदानाचा हट्टच सोडला. वाहून नेलेल्या टपालावर जे मिळेल तेवढ्यावर सेवा चालवू, असा प्रस्ताव दिला आणि एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी एक पस मॉथ विमान उडाले. एकच इंजिन, वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर, बिनतारी यंत्रणा नाही, खाली मार्गदर्शन करणारे कुणी नाही. चालवणारे अठ्ठावीस वर्षांचे जेआरडी. सोबतीला नकाशा, होकायंत्र आणि हिशेबाची सरकपट्टी. वारा किती, वेग किती, पुढचे ठिकाण किती मिनिटांत यायला हवे, याचे गणित उडता उडता मांडायचे आणि खालची नदी किंवा रेल्वेचा रूळ पाहून ते बरोबर आहे का तपासायचे, अशी ती पद्धत होती. मागे टपालाच्या पिशव्या. वजन जेमतेम पंचवीस किलो.

कराची ते मुंबई हे सरळ हवाई अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या घरात आहे. परंतु त्या विमानाच्या टाकीत तेवढे पेट्रोल मावत नव्हते, शिवाय अहमदाबादचे टपालही द्यायचे-घ्यायचे होते. अहमदाबादमार्गे हे अंतर हजार-साडेदहाशे किलोमीटर होते. सिंधचे वाळवंट, कच्छचे रण, मग गुजरातचा सपाट प्रदेश. अहमदाबादला बर्मा शेलचे पेट्रोल बैलगाडीवरून आणलेल्या डब्यांतून विमानात भरण्यात आले. विसाव्या शतकातील वाहनाला त्याच्या पूर्वीच्या कित्येक शतकांच्या वाहनाने चारा घातला, असे ते दृश्य. तेथून किनाऱ्याच्या बाजूने दक्षिणेला येत जेआरडी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी जुहूच्या मैदानावर उतरले. एकूण वेळ सव्वासात तास. त्यात पेट्रोल भरण्याचा वेळही आला.

जुहूवर व्हिंटसेंट दुसरे पस मॉथ घेऊन सज्ज होता. दक्षिणेचे टपाल घेऊन तो बेल्लारीला गेला, रात्र तेथे काढली आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचला. भारताच्या नागरी विमानवाहतुकीचा आरंभ या दोन दिवसांत झाला असे मानतात आणि ते योग्यच आहे.

पुढे या मार्गावर बेल्लारीची जागा हैदराबादने घेतली. राजूर त्या वेळी निजामाच्या मुलुखात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे राजूरकरांच्या राजधानीला विमानाचे टपाल येऊ लागले. गावापर्यंतचा त्या पत्राचा पुढचा प्रवास मात्र जुनाच राहिला. १९०० मध्ये सुरू झालेल्या मनमाड-सिकंदराबाद या मीटरगेज रेल्वेने जालन्यापर्यंत आणि तेथून वीस-पंचवीस किलोमीटर कच्च्या वाटेने. विमानाने वाचवलेला वेळ मोठ्या शहरांच्या वाट्याला आधी आणि भरभरून आला, लहान गावांना तो उरलासुरला मिळाला. पुढील अनेक दशके हे गणित फारसे बदलले नाही.

जुहूचे त्या काळचे वैभव सांगण्यासारखे आहे. समुद्राला लागून असलेले मातीचे मैदान, कार्यालय म्हणून एक झोपडीवजा खोली, दोन विमाने आणि मोजकी माणसे. पावसाळ्यात भरतीचे पाणी धावपट्टीवर येई, तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. तेथून सह्याद्रीवरच्या ढगांतून वाट काढीत विमाने जात-येत. अशा अवस्थेत पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी १ लाख ६० हजार मैल अंतर कापले, १५५ प्रवासी आणि साडेदहा टनांहून थोडे अधिक टपाल नेले आणि साठ हजार रुपयांचा नफा मिळवला. याहून मोठी गोष्ट म्हणजे टपाल एकदाही उशिरा पोहोचले नाही. सरकारच्या हवाई वाहतूक खात्याने आपल्या अहवालात या वक्तशीरपणाची मुद्दाम दखल घेतली. ज्या सरकारने छदामही द्यायला नकार दिला होता, त्याच सरकारचे हे प्रशस्तिपत्र!

१९३५ मध्ये मुंबईहून गोवा आणि कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमला, १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे दिल्लीला सेवा सुरू झाली. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले आणि वैमानिकाच्या आसनावर बसण्याची त्यांची मोकळीक बरीच आटली. १९४२ मध्ये इंग्लंडहून बॉम्बर विमानातून येताना व्हिंटसेंट मृत्युमुखी पडला. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, त्याला तिचा विस्तार पाहायला मिळाला नाही. आज त्याचे नावही फारसे कुणी घेत नाही.

टाटा एअरलाइन्सची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. फाळणीनंतर ज्या कराचीतून सारे सुरू झाले ते शहर परदेशात गेले. जेआरडींची नजर मात्र त्याहून लांबच्या शहराकडे होती. ८ जून १९४८ रोजी रात्री मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवाशांना घेऊन मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत, सुमारे पाच हजार मैलांचा प्रवास करून ते १० जूनला लंडनला उतरले. जेआरडी आणि त्यांच्या पत्नी थेल्मा त्या विमानात होते. लंडनला विमान ठरल्या वेळी टेकले याचे त्यांना जे समाधान वाटले, ते नफ्या-तोट्याच्या कुठल्याही आकड्याने वाटले नसेल. अठरा वर्षांपूर्वी हाच पल्ला गाठताना त्यांना एकट्याने वाळवंटे आणि समुद्र ओलांडावे लागले होते.

१ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींचा या निर्णयाला कडवा विरोध होता. विमानसेवा सरकारी खात्यासारखी चालू लागली तर तिचा कणा, म्हणजे शिस्त आणि वेळ, मोडेल ही त्यांची भीती. तरीही नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढची जवळपास पंचवीस वर्षे एक पैसाही मानधन न घेता सांभाळले. स्वतःची कंपनी सरकारने घेतल्यावर तिच्याच चाकरीत राहण्याचा हा निर्णय काहींना अनाकलनीय वाटला. त्यांच्या स्वभावाशी तो सुसंगत होता, एवढे मात्र खरे.

या काळातील त्यांच्या टिपणांची कीर्ती अजून टिकून आहे. प्रत्येक प्रवासानंतर ते संबंधितांना बारीकसारीक दोष कळवीत. चहा आणि कॉफी यांचा रंग एकसारखाच दिसतो, एखादे आसन मागे झुकत नाही, प्रसाधनगृहाची स्वच्छता अपुरी आहे, पडद्याचा रंग शोभत नाही. अध्यक्षाने असल्या गोष्टींत डोके घालावे का, असे वाटू शकते. पण नऊ-दहा तास एका बंद खोलीत बसलेल्या माणसाला वेळ कसा जातो, हे चहाच्या पेल्यावरही ठरते, एवढे त्यांना कळत होते. वेळेच्या बाबतीत तर त्यांचा आग्रह जिनिव्हातही दंतकथा बनला. एअर इंडियाचे विमान उतरताना पाहून तेथील लोक आपली घड्याळे लावतात, असा किस्सा आवडीने सांगितला जाई. स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांबद्दल असे बोलले जावे, यातच त्याची गोडी.

१९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आली. कॉन्स्टेलेशनचा वेग पाहता पाहता जुना वाटू लागला, मुंबई-लंडन प्रवासातले तास झपाट्याने घटले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कही मार्गावर आले. १९६२ मध्ये एअर इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा झाला. जगातील मोठमोठ्या कंपन्यांना तोवर ते साधले नव्हते.

१ जानेवारी १९७८ रोजी एम्परर अशोक हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईकडे झेपावल्यावर काही क्षणांतच वांद्र्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण दगावले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. अधिकृत पत्र हाती पडण्यापूर्वीच ही बातमी त्यांना इतरांकडून कळली. सरकारला अध्यक्ष बदलण्याचा अधिकार होता, याविषयी वाद नाही. परंतु सेहेचाळीस वर्षांचे नाते ज्या रीतीने तोडले गेले, तिला सभ्य म्हणता येणार नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर पुन्हा घेतले. अध्यक्षपद मात्र परत आले नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी कराचीहून पुन्हा एकट्याने निघाले. तिसाव्या वर्षपूर्तीला, १९६२ मध्येही त्यांनी हेच केले होते. या वेळचे विमान लेपर्ड मॉथ, पस मॉथच्याच घराण्यातले, ताशी दोनशे किलोमीटरच्याही आत उडणारे. तोवर जंबो जेट विमाने तेवढे अंतर दीड तासात कापू लागली होती. जेआरडींनी मात्र तोच अहमदाबादचा थांबा घेतला, तीच किनाऱ्याची वाट धरली आणि दुपारी जुहूला उतरले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पुढचे १९९३ हे साल मराठवाड्यासाठी दुःखाचे ठरले. २६ एप्रिल रोजी चिकलठाण्याहून मुंबईकडे उडणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जणांचा बळी गेला. ज्या विमानतळाने जालना-राजूर भागाला मुंबई तासाभरावर आणून ठेवली, त्याच्या कुंपणापलीकडे तीच जुनी, अडवणारा कुणी नसलेली वाहतूक चालू होती. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला जेआरडींचे जिनिव्हात निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमीत, आपल्या आईवडिलांच्या जवळ, त्यांना विश्रांती मिळाली. जेथून सुरुवात झाली त्याच शहरात.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. मात्र ज्या मार्गावर तिचा जन्म झाला तो मार्ग तिच्या हाती आला नाही. २०१९ नंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात थेट विमानसेवा उरली नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपली हवाई हद्दही बंद केली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला. कराचीहून मुंबईला येऊ पाहणाऱ्याला, व्हिसा मिळालाच तर, आधी दुबईसारखे एखादे शहर गाठावे लागते. कराची ते दुबई सुमारे १२०० किलोमीटर, दुबई ते मुंबई सुमारे १९००. पावणेनऊशे किलोमीटरचे अंतर असे साडेतीनपट होते. बैलगाडीवरून आलेल्या पेट्रोलच्या डब्यांसह १९३२ मध्ये या प्रवासाला सव्वासात तास लागले होते. आता किती लागतील, हे दुबईत पुढचे विमान केव्हा मिळते त्यावर ठरते.